काम आढळले नाही

"तुमच्या कामाची खासियत काय, काका?" जाहिरातवाल्या मुलीने विचारलं.

"दिसत नाही," बारीकराव म्हणाले.

मुलीने ते उत्तर जसंच्या तसं मोबाइलमध्ये टिपून घेतलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

बारीकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. अंगाने म्हणाल तर ते बारीक मुळीच नव्हते. ते बसले की खालचं स्टूल दिसेनासं व्हायचं. पण जळालेल्या, फाटलेल्या, उंदराने कुरतडलेल्या कपड्याला ते असं रफू करत की खुद्द कपड्याच्या मालकाला भोक कुठे होतं ते सांगता येत नसे. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढायचे, विणीचा अंदाज घ्यायचा, आणि एकेक धागा खाली-वर घालत भोक बुजवायचं. गाठ मारायची नाही. गाठ मारणाऱ्या रफूवाल्याबद्दल बारीकराव जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या या हातामुळे गल्लीने त्यांना बारीकराव केलं होतं आणि ते नाव ते एखाद्या पदवीसारखं वापरत.

पण हल्ली लोकांना कपडा नीट करण्यापेक्षा टाकून देणं सोपं वाटू लागलं होतं. जिन्याखालच्या त्या अरुंद दुकानात गिऱ्हाइकापेक्षा पत्ता विचारणारेच जास्त यायचे. चौकातल्या तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानाने बारीकरावांना नोकरी देऊ केली होती. तळघरात बसायचं आणि दिवसभर नव्याकोऱ्या पँटी आखूड करायच्या. पगार बरा होता, पंखाही होता. पण आयुष्यभर भोकं बुजवलेल्या माणसाने पँटी कापत बसायचं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. हा हंगाम बघू, नाहीतर दुकानाला कुलूप लावू, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं होतं. तिने ते ऐकलं आणि हातातलं बटण शिवत राहिली.

दुकानात तिचं काम म्हणजे बटणं, हुक, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी बोलणं. रफूला ती हात लावत नसे. बारीकरावांनी कधी लावू दिला नव्हता आणि तिनेही कधी मागितला नव्हता.

तोडगा काढला तो तिच्या धाकट्या भावाने. हा मेहुणा विमा कंपनीत नोकरीला होता आणि त्याला सरकारी योजना वाचायचा नाद होता. लोक जशी शब्दकोडी सोडवतात तसा तो सुट्टीच्या दिवशी योजना वाचत बसायचा. छोट्या धंद्यांना इंटरनेटवर जाहिरात करायला सरकार अनुदान देतं, हे त्यानेच शोधून आणलं. पहिला हप्ता आधी, दुसरा काम तपासून झाल्यावर. तपासणीत काही काळंबेरं निघालं तर पहिलाही परत करायचा, हे मात्र त्याने जरा भरभर वाचलं.

"दाजी, ते विचारतायत, व्यवसायाचं डिजिटल अस्तित्व आहे का?"

"आधी साधं अस्तित्व टिकतंय का ते बघ."

मेहुण्याने 'नाही' असं भरलं. अर्ज मंजूर झाला तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं, कारण इतक्या योजना वाचूनही त्यातली एखादी कुणाला मिळालेली त्याने पाहिली नव्हती.

मग सरकारमान्य यादीतली जाहिरातवाली मुलगी आली. मुलगी हुशार होती, हसतमुख होती, आणि भोक पडलेला कपडा तिने आजवर मुद्दाम विकत घेतलेलाच पाहिला होता. दुकानाचं पान तयार करायचं, तर आधीचा आणि नंतरचा फोटो हवा, म्हणाली. मेहुण्याने लगेच आपला राखाडी कोट पुढे केला. इस्त्रीचं टोक लागून त्याच्या डाव्या बाहीला कोपराशी चांगलं बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. त्याचा फोटो निघाला. बारीकरावांनी अनुदानाचं काम म्हणून जीव ओतून रफू केलं. मग दुसरा फोटो निघाला. मुलीने दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले, वर मोठ्या अक्षरांत 'आमचं काम दिसत नाही' असं टाकलं आणि ते इंटरनेटवर सोडून दिलं.

लोकांना फोटो दिसला. काम, अर्थातच, दिसलं नाही.

पहिल्याच माणसाने लिहिलं की हे दोन वेगवेगळे कोट आहेत. दुसऱ्याने लिहिलं, दुसरा फोटो आधी काढला आणि मग कोट जाळला. तिसऱ्याने तर, काम दिसत नाही हे निदान कबूल तरी केलंत, म्हणून आभार मानले. बारीकरावांची बायको हे सगळं मोठ्याने वाचून दाखवत होती. चौथ्यापाशी ती थांबली, कारण चौथ्याने लिहिलं होतं की सरकारी पैशातून लोकांना फसवणाऱ्या या दुकानाविरुद्ध आपण तक्रार केली आहे.

मुलगी म्हणाली, "काका, लोकांना फरक दिसायला हवा."

"अगं, फरक दिसू नये म्हणून तर लोक माझ्याकडे येतात."

दोघांचंही बरोबर होतं. त्यामुळे बोलणं तिथेच संपलं.

तक्रार आली की जागेवर जाऊन तपासणी करायची, असा नियम होता. तपासनीस आला तो सोमवारी सकाळी. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, चेहऱ्यावर जिने चढून-उतरून आलेला थकवा. माणूस सज्जन होता. त्याने आल्याआल्या बसायला मागितलं आणि मग फोटोतला कोट मागितला. मेहुणा अर्धी रजा टाकून कोट घालूनच आला होता. तपासनीसाने बाही उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली, चष्मा काढून पाहिली, परत घालून पाहिली.

बारीकराव हात बांधून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा सरकार त्यांच्या रफूचा शोध घेत होतं आणि सरकारला ते सापडत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मावेना इतकं सुख दाटलं होतं.

"नाही सापडत," तपासनीस शेवटी म्हणाला. "तुम्हीच दाखवा."

बारीकराव पुढे झाले. त्यांनी बाहीवरून बोट फिरवलं. मग अंगठा फिरवला. मग कपाटातून भिंग काढलं. बाही मेहुण्याच्या हातासकट खिडकीशी नेली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं सुख ओसरू लागलं आणि कपाळावर घाम आला. रफू सुरू असताना ते भोकाभोवती पांढऱ्या धाग्याची खूण घालत, काम झालं की काढून टाकत. खूण गेली की तेही गिऱ्हाइकासारखेच. त्यांनी बाहीचं अस्तर उसवून उलटी बाजू पाहिली. पण उलटी बाजूसुद्धा बारीकरावांनीच केलेली होती.

"इथेच कुठेतरी होतं," ते म्हणाले.

"थोडं वर असेल," मेहुणा म्हणाला.

"बाही डावीच होती ना?" त्यांच्या बायकोने विचारलं, आणि सगळ्यांनी एक फेरी उजव्या बाहीलाही मारली.

तपासनीस पाणी प्यायला. मग त्याने सावकाश अक्षरांत 'काम आढळले नाही' असं लिहिलं आणि सगळ्यांना वाचूनही दाखवलं, कारण तसा नियम होता. बारीकराव स्टुलावर मटकन बसले. तळघराचा वास त्यांच्या नाकात शिरल्यासारखा झाला.

"साहेब, काम केलंय हो मी."

"माझी खात्री आहे," तपासनीस म्हणाला. "पण माझ्या खात्रीला इथे रकाना नाही. मी पुढच्या सोमवारी परत येतो. तोवर काहीतरी आढळेल असं करून ठेवा. याच कोटावर, कारण फोटो याच कोटाचा आहे. नाहीतर पहिला हप्ता परत भरावा लागेल."

तो गेल्यावर सगळे जण कोटाकडे पाहत राहिले. कोट धडधाकट होता, हीच तर अडचण होती. दिसणारं रफू करायचं तर आधी भोक हवं, आणि जुनं भोक कुणालाच सापडत नव्हतं. म्हणजे नवीन पाडणं आलं. मेहुण्याने कोट काढून छातीशी धरला आणि योजनेत कुठेही लाभार्थ्याच्या नातेवाइकाचा कोट कापायची तरतूद नाही, हे सांगून पाहिलं. बहिणीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लहानपणापासून त्या नजरेपुढे त्याचं काही चाललं नव्हतं. पहिल्या फोटोशी ताडून, अंदाजाने, कोपराजवळ भोक पाडलं गेलं. कात्री चालवताना बारीकरावांनी मान फिरवली होती.

भोक सोपं होतं, वाईट रफू अवघड निघालं. थेट कोटावर नको म्हणून बारीकरावांनी आधी दुकानातल्या फडक्यांवर सराव सुरू केला. फडक्याला भोक पाडायचं आणि वाईट बुजवायचं. पहिलं बुजवलं, ते दिसेना. जाड धागा घेऊन पाहिला. त्यांच्या बोटांनी त्याला असा काही पिळला की तो विणीत मुरून गेला. डोळे मिटून केलं, तर ते सगळ्यांत साफ आलं. संध्याकाळपर्यंत फडकी पूर्वीसारखीच अखंड होती आणि बारीकरावांचे खांदे पडले होते.

"हात ऐकतच नाही गं," ते म्हणाले. इतकं खरं वाक्य ते बायकोशी क्वचितच बोलत.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"ताई, तुला रफू येतं?" मेहुण्याने विचारलं.

"येत नाही म्हणूनच तर."

बारीकरावांना हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, पण ते हायसं वाटण्यात बुडून गेलं. तुम्ही समोर असलात की माझा हात चालत नाही, असं म्हणून ती कोट, सुई आणि दोऱ्याचं रीळ घेऊन पडद्यामागे गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. एक भोक बिघडवायला एवढा वेळ लागतो, म्हणजे हिला खरंच काही येत नाही, असं बारीकराव मेहुण्याला हळू आवाजात म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा अस्तरसुद्धा शिवून झालं होतं. राखाडी बाहीवर लालभडक दोऱ्याचे टाके पडले होते. काही लांब, काही आखूड, सगळे वाकडे. लहान मुलाने पहिल्यांदा काढलेला सूर्य जसा असतो तसं ते दिसत होतं. बारीकरावांनी डोळे मिटून घेतले. मेहुणा म्हणाला, "रस्त्याच्या पलीकडून दिसेल." तो आपल्या परीने कौतुकच करत होता.

ठरल्या दिवशी तपासनीस आला. त्याला आत यावंच लागलं नाही. दारातूनच म्हणाला, "आढळले," आणि खाली बसून तसं लिहून दिलं. जाताना त्याने बाही पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाला, छान आहे. हे मात्र त्याने कुठे लिहिलं नाही.

जाहिरातवाल्या मुलीने या बाहीचा फोटो टाकला आणि दोन दिवसांत दुकानासमोर माणसं उभी राहिली. लोकांना तेच हवं होतं. कुणी सायकलवरून पडून फाटलेली पँट आणली, कुणी आजोबांचं स्वेटर आणलं. काही जण धडके कपडे घेऊन आले. भोक नाही तर रफू कसलं, असं बारीकरावांनी त्यांना ठणकावून सांगितलं, तेव्हा ते नम्रपणे कात्री मागून घेत आणि पायरीवर बसून स्वतःच भोक पाडून आणत. "काकूंच्या हातचं हवंय हं," असं सांगायला विसरत नसत.

दुकान वाचलं. दुसरा हप्ता आला, चौकातल्या दुकानाला नकार कळवून झाला. बारीकरावांना आनंद व्हायला हवा होता आणि तो होत नव्हता. खिडकीपाशी उजेडात आता बायको बसायची, कारण काम तिच्याकडे होतं. बटणं आता बारीकराव लावत होते, आणि एकदा तर एका गिऱ्हाइकाने त्यांना विचारलं, तुम्ही काकूंकडे कामाला आहात का. त्यांनी हो म्हणून टाकलं. तळघरात निदान पँटी तरी आपल्या हाताने कापल्या असत्या, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि ते फार दिवस टोचत राहिलं.

अशात एके सकाळी मेहुणा आला. बहीण लाल दोरा आणायला बाजारात गेल्याची त्याने आधी खात्री करून घेतली. मग कागदात गुंडाळलेला कोट काढला. त्याची बढतीची मुलाखत होती. फोटोमुळे त्याला कचेरीत सगळे लाल बाहीवाला म्हणू लागले होते, आणि साहेबांना ते आवडलं नव्हतं.

"दाजी, पहिल्यासारखं करून द्या. कुणाला दिसायला नको. आणि ताईला कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल."

किती दिवसांनी कुणी तरी हे मागत होतं. बारीकरावांनी कोट घेतला आणि मेहुण्याला दुपारी यायला सांगितलं. खिडकीपाशी बसले, चष्मा पुसला, पाठ सरळ केली. आतून गाठींचं जंजाळ निघणार, ते निस्तरायला वेळ लागणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याची त्यांना थोडी गोडीच वाटत होती. त्यांनी एकेक लाल टाका कापून काढला. शेवटचा लाल दोरा ओढून काढल्यावर सुईत राखाडी धागा ओवला आणि भोकासाठी बाही पालथी-उताणी केली.

भोक नव्हतं.

त्यांनी बोट फिरवलं. अंगठा फिरवला. भिंग काढलं. अस्तर उसवून आत पाहिलं. आत गाठ नव्हती, सुटं टोक नव्हतं. फक्त बाहीच्या आतल्या दुमडीतले, त्यांनी पूर्वी काढले होते त्यांच्या शेजारचे, आणखी काही धागे कमी झालेले दिसत होते, कुणीतरी एकेक करून काढून नेल्यासारखे. आधी भोक नीट बुजवायचं, आणि मग वरून वाईट दिसेल असे लाल टाके घालायचे, याला पडद्यामागे तेवढा वेळ लागला असणार. बारीकरावांनी त्या राखाडी धाग्याने फक्त अस्तर परत शिवून टाकलं.

दुपारी मेहुणा कोट घेऊन गेला. "दाजी, तुमच्या हाताला तोड नाही," असं म्हणाला. बारीकरावांनी ते ऐकून घेतलं, पण स्वतःकडे ठेवलं नाही.

बायको परतली तेव्हा त्यांच्यापुढे एक जुनी लोकरीची शाल पडली होती. कसर लागलेली, विणीने अवघड. असलं काम ते कधी दुसऱ्याच्या नजरेलाही पडू देत नसत. त्यांनी ती तिच्याकडे सरकवली.

"हे तू कर."

"लाल दोऱ्याने?"

"नाही. शालीच्याच धाग्याने."

"मला कुठे येतं ते?"

"तुझ्या भावाचा कोट आला होता. लाल काढलं आणि भोक शोधत बसलो."

ती पिशवीतून रिळं काढत होती. तिचा हात थांबला. "सापडलं?"

"मला नाही सापडलं. म्हणजे तुला येतं."

रिळं तिने एकाला एक लावून ठेवली.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या अंगठ्याला कात्री लागली होती ना, तेव्हापासून. गिऱ्हाइकं थांबायला तयार नव्हती. तुम्ही दुपारी आडवे झालात की तुमचं रफू उसवून मी पुन्हा करायचे."

बारीकरावांना तो महिना चांगला आठवत होता. अंगठ्याला चिंधी बांधलेली असूनही आपला हात किती साफ चालतोय, याचं त्यांनी तेव्हा रोज कौतुक केलं होतं. तिच्यासमोरच केलं होतं. ती हो हो म्हणत होती.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे खूश होतात."

ते खिडकीपाशी जागा करून द्यायला उठले. ती बसली, शाल मांडीवर घेतली, वीण निरखू लागली. बारीकराव बाजूला बटणं निवडत राहिले. शेवटी राहवेना तेव्हा म्हणाले, "गाठ मारायची नाही हं."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने शालीची दुमड उसवायला घेतली.